टिल्लूची उंची

माझं काम लोकांना बोलतं करण्याचं. कलेवरच्या एका मासिकासाठी मी मुलाखती घेते. संग्रहालयांचे संचालक, गॅलरीवाले, प्रदर्शनं मांडणारे क्युरेटर, चित्रं विकत घेणारे धनिक, आणि अधूनमधून एखादा चित्रकारसुद्धा. यांच्यापैकी कुणी नुसती मान डोलावली की कुणाचं तरी नशीब उघडतं, आणि कुणी नाक मुरडलं की कुणाची तरी आयुष्यभराची मेहनत तळघरात जाऊन पडते. ही माणसं सुरुवातीला छापील बोलतात. अवकाश, विस्थापन, स्मृती असे शब्द भराभर येतात. मी ते येऊ देते. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली, की मग माणूस माणसासारखा बोलायला लागतो. तोवर गप्प बसायचं, एवढंच माझं कसब.

पण संग्रहालयाच्या क्युरेटर बाईंचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले.

"तुमच्या आई-बाबांच्या कामाचं मोठं प्रदर्शन करतोय," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासूनचं सगळं काम एकत्र. सोबतच्या पुस्तकात त्यांच्याशी एक लांबलचक संवाद हवाय. दोघंही दुसऱ्या कुणाशी बोलायला तयार नाहीत."

"आणि एकमेकांशी?"

"एकमेकांशी तर मुळीच नाही. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

आई-बाबांनी सगळं काम जोडीनं केलं, एकाच सहीखाली. कुठली कल्पना कुणाची, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आता ते एकाच गावात नदीच्या दोन बाजूंना राहतात. बाबा जुन्या कार्यशाळेतच आहे, आई एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मी दोघांकडे जाते. एकाकडचं दुसऱ्याकडे नेत नाही, कुणी खोदून विचारलं तरी.

"आणखी एक अडचण आहे," बाई जरा चाचरत म्हणाल्या. "'उंची'चं प्लास्टर सुटायला लागलंय. खालच्या भागाचा भुगा होतोय. एक प्रकारचा पातळ डिंक आत मुरवला तर ते धरेल, पण भिंतीचा पांढरा रंग कायमचा काळवंडेल. एवढा बदल करायचा तर दोघांचीही परवानगी लागते. विषय निघाला तर... विचाराल का?"

'उंची' हे त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम. ती भिंत आहे. आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरातली, दाराशेजारची. तिच्यावर पेन्सिलीनं ओढलेल्या आडव्या रेघांच्या दोन रांगा आहेत, रेघेपुढे आईच्या अक्षरात तारखा. डावीकडची रांग माझी, उजवीकडची माझ्या धाकट्या भावाची. त्याला आम्ही टिल्लू म्हणायचो, कारण वर्गात तो सगळ्यांत बुटका होता. तापाचं निमित्त झालं आणि टिल्लू गेला. त्याच्या रेघा ज्या तारखेला थांबतात, त्याच सुमाराला माझ्याही थांबतात. त्यानंतर मला कुणी भिंतीला टेकवून उभं केलं नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही.

बाबानं ती भिंत कापून काढली. तिचं प्रदर्शन झालं तेव्हा मी शाळेत होते. नवीन फ्रॉक घालून मी कोपऱ्यात उभी होते आणि मोठी माणसं एकेक करून उजव्या रांगेपुढे वाकत होती. एक बाई डोळे पुसत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तू डावीकडची का गं?" मी मान हलवली. पुढे कितीतरी वर्षं कलेच्या जगात माझी ओळख तीच होती. डावीकडची.

मी आधी बाबाकडे गेले. त्यानं चहा केला, रेकॉर्डर कुठे ठेवू म्हणून विचारलं, खुर्चीवरचे ब्रश उचलले, आणि पहिला तासभर छापील बोलला. मी थांबले. चहा निवला.

"भिंतीबद्दल सांग ना, बाबा."

"काय सांगू? सगळं छापून आलंय."

"मला नाही सांगितलंस कधी."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "घर भाड्याचं होतं. आपण सोडलं की मालक रंग देणार, हे ठरलेलं. तुझी आई तर त्या स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हती. म्हणाली, ती भिंत माझ्या डोळ्यांसमोर नको. मी काय करायला हवं होतं? हातोडा घालायचा? मी मालकाच्या हातापाया पडलो, नवीन भिंत बांधून देतो म्हणालो, आणि ती अख्खी उतरवली. एक टवकाही उडू दिला नाही. इथे आणून उभी केली, तोंड भिंतीकडे करून. कुणाला दाखवायची नव्हती."

"मग?"

"काका आले." काका म्हणजे बाबाचे गॅलरीवाले, आमच्या घरातलेच झालेले. आता ते नाहीत. "त्यांनी ती फिरवली. बघत उभे राहिले. म्हणाले, हे काय आहे? मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाले, हे काही नसेल तर मी आयुष्यभर झक मारली." बाबा हसला. मग हसू कुठेतरी अडकलं. "लोकांनी ती बघितली की मला बरं वाटायचं गं. वाटायचं, एवढ्या माणसांनी बघितलंय म्हणजे तो होता. खरंच होता."

डिंकाचं विचारल्यावर त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "लावा म्हणावं. काळी झाली तर होऊ दे. त्याचं दुसरं काय राहिलंय?"

आईकडे गेले तेव्हा ती वाळलेले कपडे घड्या घालत होती. रेकॉर्डर बघून म्हणाली, "ते यंत्र तिकडे ठेव, टॉवेलवर. आवाज चांगला येईल." आईला छापील बोलता येत नाही. त्यामुळे मुलाखतींत नेहमी बाबाच जास्त दिसायचा आणि आई फोटोत. तिनं जुन्या कामांबद्दल भरभरून सांगितलं, कुठला खिळा कुठून आणला इथपर्यंत. भिंतीचं नाव निघालं आणि ती एका उशीच्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घालायला लागली.

"मी म्हणाले होते, ती भिंत माझ्या डोळ्यांसमोर नको. जगाच्या डोळ्यांसमोर मांड, असं नव्हते म्हणाले."

"मग सही का केलीस?"

"कारण तो रडायचा थांबला होता. भिंत उतरवून आणली त्या दिवसापासून तो कामाला लागला. दाढी करायला लागला, तुला शाळेत सोडायला लागला. मी तर नुसती अंथरुणात पडलेली. मला वाटलं, भिंत गेली तर गेली, हा तरी राहील."

"राहिला ना?"

"राहिला की. कुठे नाही म्हणतेय?" तिनं अभ्रा बाजूला ठेवला. "पण ज्या गावी जाऊ तिथे लोक टिल्लूबद्दल विचारायचे, आणि तो सांगायचा. छान सांगायचा. दर वेळी थोडं जास्तच छान. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बसलं होतं त्याला. मी भिंत ठेवलेल्या खोलीत जायचेच नाही. बाहेर बाकावर बसायचे. मासिकात फोटो आला की पान उलटायचे. तरी ऐकू यायचंच. शेवटी शेवटी मला टिल्लू कमी आणि त्याचं ते सांगणंच जास्त आठवायला लागलं. तेव्हा म्हटलं, आता निघायला हवं. नाहीतर आहे तेवढाही जाईल."

एरवी मी अशा वेळी पुढचा प्रश्न विचारते. तो मला सुचेना.

"प्लास्टर सुटतंय म्हणतात, आई. डिंक लावायचाय. तुझी परवानगी हवीय."

"सुटू दे."

"आई..."

"सुटू दे, म्हटलं ना. सगळ्या जगानं बघून झालंय. आता झडू दे की तिला."

मी रेकॉर्डर बंद करून पिशवीत टाकला. दारापर्यंत आली ती. मी चपला घालत असताना म्हणाली, "कुठे ठेवलीय तिला?"

"तळमजल्यावर. शेवटच्या दालनात."

"गर्दी नसेल असं कधी बघता येईल?"

संग्रहालयाला सुट्टी असते त्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन गेले. प्रदर्शनाची मांडामांड चालू होती. अर्धवट उघडलेली खोकी, शिड्या, जमिनीवर ताणलेल्या वायरी. क्युरेटर बाईंनी आम्हाला शेवटच्या दालनापर्यंत सोडलं आणि शहाण्यासारखं काम काढून निघून गेल्या.

भिंत लोखंडी चौकटीत उभी होती. मला वाटत होती त्यापेक्षा लहान. तळाशी, चौकटीच्या कडेला, पांढऱ्या भुकटीची एक बारीक ओळ साचली होती. आई लांबच थांबली. तिनं पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं खांदा हलवून तो झटकला. मग ती पुढे गेली आणि हळूहळू जमिनीवर बसली, एक हात टेकून, गुडघ्याच्या दुखण्यासकट.

तेवढ्यात शेजारच्या दालनातून बाबा आला. तो दुसऱ्या एका कामाची मांडणी बघायला आला होता, हे मला माहीत नव्हतं. शप्पथ माहीत नव्हतं. हातात दोरीचं भेंडोळं होतं. आईला बघून तो दारातच थबकला.

"कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. वाळलास की रे."

"डॉक्टरनं साखर बंद केलीय."

"म्हणजे खायचास ते सगळंच बंद." एवढं बोलून ती पुन्हा भिंतीकडे वळली.

बाबा तिथून हलला नाही. आई खालून सुरुवात करून एकेक रेघ बघत होती, काचेला बोट लावावं तसं हवेत बोट धरून. "ही चपला घालून उभा राहिला म्हणून मी पुसली आणि दुसरी काढली," ती म्हणाली, आमच्याशी की स्वतःशी ते कळेना. "ही मामाकडून आल्यावरची. ही... ही शेवटची. टाचा उचलत होता, गुलाम. मी डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि दाबून खाली बसवला. किती चिडला होता."

मग तिचं बोट वर सरकलं आणि थांबलं.

"ही कुणाची?"

शेवटच्या रेघेच्या वर आणखी एक रेघ आहे. तिच्यापुढे तारीख नाही. त्या रेघेवर मोठमोठ्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तारीख नसलेली रेघ म्हणजे थांबलेला काळ, असं एकानं म्हटलं. दुसऱ्यानं तो निष्कर्ष खोडून काढायला स्वतंत्र लेख लिहिला. मला आपलं वाटायचं, भिंत उतरवताना तारीख खरवडली गेली असेल.

"ही मी काढलेली नाही," आई म्हणाली. "एवढा उंच नव्हता तो."

बाबानं दोरी खाली ठेवली. "ती मी काढली."

"कधी?"

"उतरवायच्या आधी. तू झोपली होतीस." तो दोन पावलं पुढे आला. "पुढच्या वाढदिवसाला तेवढा झाला असता. ताईच्या डावीकडच्या रेघा बघून मापलं. ती त्या वयात केवढी वाढली होती, ते बघून."

दालनात फक्त कुठेतरी ड्रिल चालल्याचा आवाज येत होता. तोही मग थांबला.

"एवढा नसता झाला," आई म्हणाली. "ताई तुझ्यावर गेलीय. तो माझ्या माहेरच्यांवर गेला होता. बुटकाच राहिला असता."

बाबा हसला. हसता हसता त्यानं तोंडावर हात घेतला आणि तो तसाच, उभ्या उभ्या रडायला लागला. बाबाला टिल्लूबद्दल बोलताना मी शेकडो वेळा ऐकलं होतं. आवाज कुठे खाली येतो, ते मलाही पाठ होतं. हे तसं नव्हतं. हे फार वेडंवाकडं होतं, बघवत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस रे?" आईनं विचारलं.

"तू भिंतीकडे बघायचीसच नाही."

"भिंतीचं नाही विचारत मी." तिचा आवाज चढला. "मला वाटायचं, तुझ्यासाठी तो इथे थांबला. या रेघेशी. तू होतं तेवढंच घेऊन फिरतोस असं वाटायचं. आणि मी मात्र त्याला दर वर्षी मोठा करत होते. आता हायस्कुलात गेला असता. आता मिसरूड फुटलं असतं, आता कुणीतरी मुलगी आवडली असती, माझ्यापासून लपवत असता. सगळं एकटीनं. मला वाटायचं मला वेड लागेल. आणि तूही तेच करत होतास?"

"एकदाच केलं," बाबा म्हणाला. "पुढे धीर नाही झाला."

"एकदा तर एकदा. सांगायचं होतंस. मी गेले नसते रे. तुझ्याजवळच राहिले असते."

बाबानं हात पुढे केला. तिला उठवायला असेल, किंवा तेवढ्यापुरताच नसेल. "मग आता..."

"आता नाही," आई म्हणाली. रागानं नाही. किराणा संपलाय असं सांगावं तसं सांगितलं. "आता माझ्यात तेवढं उरलेलं नाही."

तिनं माझ्याकडे हात केला. मी तिला धरून उठवलं. बाबाचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यानं खाली वाकून दोरी उचलली आणि ती उगाचच पुन्हा गुंडाळायला लागला.

"डिंक लावू देत," आई मला म्हणाली. "सही करते मी. पण त्या रेघेबद्दल पुस्तकात एक अक्षर यायचं नाही. ऐकलंस? मुलाखतवालीला नाही सांगत. टिल्लूच्या ताईला सांगतेय."

मी हो म्हटलं.

क्युरेटर बाई दारात भेटल्या. आईनं त्यांच्याकडच्या कागदावर सही केली तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. आई पुढे गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या सगळ्यांत वरच्या रेघेबद्दल काही बोलले का हो? त्याबद्दल आजवर दोघांनीही कधी काही सांगितलेलं नाही."

"नाही," मी म्हणाले. "काही नाही बोलले."

प्रदर्शन झालं. उद्घाटनाला दोघंही आले. बाबा लवकर आला, आई उशिरा, आणि दोघांनी मध्ये पुरेशी माणसं राहतील अशी काळजी घेतली. भिंत आता किंचित पिवळसर काळी दिसते, पण भुकटी पडत नाही. पुस्तकातला संवाद लोकांना आवडला. आईची आणि बाबाची उत्तरं मी समोरासमोरच्या पानांवर छापली होती. एका समीक्षकानं लिहिलं, इतक्या संयमानं झालेला संवाद हल्ली वाचायला मिळत नाही. संपादकांनी ते वाक्य कापून माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते पेपरवेटखाली सरकवलं आणि दुसऱ्या मुलाखतीच्या तयारीला लागले. एक संग्राहक होता. त्याला अवकाशाबद्दल बोलायचं होतं.

काही आठवड्यांनी बाबाचा फोन आला. दुपारची वेळ होती. इकडचं तिकडचं बोलला, हवा, गुडघे, कार्यशाळेचं गळकं छप्पर. मग म्हणाला, "ताई, एक विचारू? हसू नकोस."

"विचार ना."

"टिल्लूचा आवाज कसा होता गं? मला आठवतच नाहीये. काय बोलायचा ते सगळं आठवतं. शब्दन् शब्द. पण कानात येत नाही. भिंत आहे, फोटो आहेत, ते कुठेच बोलत नाहीत. आपण तेव्हा रेकॉर्डही केलं नाही कधी."

मी डोळे मिटून बघितलं. टिल्लू मला हाक मारताना दिसला. तोंड हललेलं दिसलं. आवाज नाही आला. इतक्या लोकांचे आवाज माझ्या कपाटात भरून ठेवलेत मी, तारीख-वार लावून. त्याचा नाही.

"मलाही नाही रे आठवत," मी म्हणाले. "आईला विचारते."

एकाकडचं दुसऱ्याकडे न्यायचं नाही, हा माझा नियम त्या दिवशी मी पहिल्यांदा मोडला. आईला फोन लावला आणि बाबा काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मागे नळ चालू होता, तो तिनं बंद केला.

"तुला आठवतो, आई?"

"आठवतो."

"कसा होता?"

तिनं श्वास घेतला. मला वाटलं, आता ती बोलून दाखवेल. आईला नकला छान येतात, लहानपणी आम्ही पोट धरधरून हसायचो. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"नाही गं," ती म्हणाली. "भिंत त्यानं घेतली. आवाज माझ्याकडे राहू दे."

"आई, तो म्हातारा झालाय."

"मीपण झालेय. एकदा तोंडानं काढून दाखवला आणि चुकला, तर मग मला तो चुकलेलाच आठवेल. एवढं नको मागूस माझ्याजवळ."

मग तिनं सांभाळून राहा म्हटलं आणि फोन ठेवला.

मी बाबाला फोन केला.

"आईलाही आठवत नाही," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "म्हणजे तिलाही नाही." त्याच्या बोलण्यात काहीतरी सैल झालं होतं, जवळ कुणीतरी येऊन बसल्यासारखं. मला भडभडून आलं, पण मी आवाज केला नाही.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले.